लसीकरण-कर्मचाऱ्यांचे शिक्षण : नियम आणि नियमामागील कारण

इ. स. १९०२ च्या ऑक्टोबर महिन्यात पंजाबातील मुल्कोवाल (सध्या पाकिस्तानात) ह्या गावी लोकांना प्लेगप्रतिबंधक लस टोचण्यात आली. ही लस मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, वाल्डेमार हाफकिन ह्यांच्या देखरेखीखाली तयार झालेली होती. एकाच बाटलीतील लस घेतलेले एकोणीस लोक पुढे धनुर्वाताने दगावले. प्रथम दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन ह्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडते वेळी एक चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. लस कितीही उत्तम असली तरी तिची अखेरची जबाबदारी ती टोचणाऱ्या हाताकडे असते, हा ह्या घटनेचा बोध होय.

भारतात व्यापक लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला व १९८५ मध्ये त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे रूप आले. देवीच्या निर्मूलनाच्या काळात लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यास एकाच लसीचे ज्ञान पुरत असे. शिवाय अखेरच्या वर्षांत वापरलेली शुष्क लस उष्णता बऱ्याच अंशी सहन करणारी होती. आजच्या परिचारिकेस मात्र एकाच सत्रात भिन्न गुणधर्मांच्या अनेक लसी हाताळाव्या लागतात. अशा स्थितीत केवळ नियमांची यादी पाठ करून घेणे, हे शिक्षण अपुरे ठरते. नियमामागील कारण कळल्याखेरीज अनपेक्षित प्रसंगी योग्य निर्णय घेता येत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘लस थंड ठेवा’ हा नियम प्रत्येक कर्मचाऱ्यास ठाऊक असतो. लसीकरण केंद्रात २ ते ८ अंश सेल्सियस हे तापमान विहित आहे. परंतु उष्णतेने लस बिघडते एवढेच ज्यास शिकवले, तो अधिक बर्फ म्हणजे अधिक सुरक्षितता असे समजेल. वस्तुतः त्रिगुणी, पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब व धनुर्वात ह्यांच्या लसींत अल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की ह्या क्षारांची सूक्ष्म रचना मोडते. लस पुन्हा वितळली तरी तिची शक्ती परत येत नाही. कुपीवरील उष्णतादर्शक खूण हा बिघाड दाखवीत नाही, कारण ती केवळ उष्णतेचा संचित परिणाम नोंदवते. संशय आल्यास, मुद्दाम गोठवून वितळवलेल्या त्याच प्रकारच्या कुपीशी तुलना करून, दोन्ही हलवून, गाळ कोणत्या वेगाने खाली बसतो हे पाहावे लागते. म्हणूनच लसपेटीत ठेवावयाच्या बर्फाच्या वड्या बाहेर काढून, त्यांवर पाणी सुटेपर्यंत व हलविल्यास आतील बर्फाचा आवाज येईपर्यंत थांबावयाचे असते. कारण ठाऊक असेल तर सकाळच्या घाईतही ही काही मिनिटे कोणी वाचविणार नाही.

दुसरे उदाहरण उघडलेल्या कुपीचे. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी विहित अटी पाळल्यास २८ दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेला ह्यांची द्रावण मिसळलेली कुपी मात्र चार तासांनंतर टाकून द्यावी लागते. पहिलीत जंतुरोधक द्रव्य असते, दुसऱ्या दोहोंत नसते. त्यामुळे त्यांत शिरलेले जंतू वाढू शकतात. आता पाचव्या तासाला दूरच्या पाड्यावरून एखादी माता बालकास घेऊन येते. लस वाया गेल्याबद्दल ज्या परिचारिकेस पूर्वी बोल लावला गेला असेल, तिला उरलेली लस वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तिला त्यापासून परावृत्त करणारी गोष्ट धाक नव्हे, ज्ञान होय. त्याचबरोबर वरिष्ठांनीही अशा वेळी नवी कुपी उघडण्यास मोकळीक दिली पाहिजे.

ग्रामीण आणि नागरी क्षेत्रांत शास्त्र एकच असले तरी अडचणी निराळ्या असतात. सपाट प्रदेशात साधारणतः ५,००० व डोंगराळ अथवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा ग्रामीण रचनेचा दंडक आहे. तेथे मुख्य प्रश्न अंतराचा व शीतसाखळीचा. शहरात रुग्णालय जवळ असूनही बालक नोंदीतून निसटते. बांधकामावरील मजुराचे कुटुंब वस्ती बदलते, कार्ड हरवते, काही मात्रा खाजगी दवाखान्यात झालेल्या असतात. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांमुळे महाराष्ट्रात हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. अशा वेळी चुकलेली मात्रा जेथून राहिली तेथून पुढे चालू करावयाची असते. मालिका आरंभापासून पुन्हा देण्याचे कारण नसते, कारण शरीराची प्रतिकारस्मृती मधल्या खंडाने पुसली जात नाही. हे न समजलेला कर्मचारी बालकास परत पाठवील, अथवा विनाकारण अधिक वेळा टोचील. किरकोळ सर्दी, खोकला किंवा सौम्य ताप असता लस नाकारणे, हीही अशीच सद्हेतूने होणारी हानी होय. परत गेलेली माता पुन्हा येईलच अशी खात्री नसते.

ह्यावरून प्रशिक्षणाची दिशा स्पष्ट होते. व्याख्यानापेक्षा गोठलेली व न गोठलेली कुपी प्रत्यक्ष हाती देणे अधिक उपयोगी. मातेस सांगावयाच्या चार गोष्टी, म्हणजे कोणती लस दिली व ती कोणत्या रोगापासून रक्षण करते, पुढे केव्हा यावयाचे, कोणता किरकोळ त्रास संभवतो व त्यावर काय करावे, आणि कार्ड जपून ठेवून पुढील खेपेस आणणे, ह्यांचा सराव तिच्याच बोलीत करून घ्यावा. परीक्षेत ‘तापमान किती?’ असे विचारण्याऐवजी ‘रात्रभर वीज नव्हती, तर सकाळी काय कराल आणि का?’ असे विचारावे. ह्यातील ‘का’चे उत्तर जो देऊ शकतो, त्याच्या हाती लस सुरक्षित आहे असे मानण्यास हरकत नाही.