लोहगडवाडीहून जेद्दाला निघताना : मुंबई विमानतळ नीट समजून घ्या

आमच्या ओळखीतल्या मावळच्या एका कुटुंबाचं उमराहचं विमान चुकलं. अम्मी, अब्बा, मुलगा आणि सून असे चौघं होते. तिकिटावर तारीख होती १५ आणि वेळ ००.४०. हे लोक १५ तारखेला रात्री आठ वाजता, हार-फुलं घेऊन, दोन गाड्या भरून विमानतळावर पोहोचले. विमान आदल्या रात्रीच उडून गेलं होतं. ००.४० म्हणजे १४ तारखेची रात्र संपून चाळीस मिनिटं झालेली. म्हणजे घरातून १४ च्या संध्याकाळीच निघायला हवं होतं. एजंटने तिकीट व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं, पण समजावून सांगितलं नव्हतं. अनेक वर्षं साठवलेल्या पैशातून चार तिकिटं पुन्हा काढावी लागली.

अशा गोष्टी कानावर येत असतात, म्हणून आज मुंबई विमानतळाविषयी थोडं सविस्तर लिहितो आहोत. लोहगडवाडी, भाजे, मळवली, लोणावळा या बाजूच्या आपल्या माणसांना बहुतेक वेळा हाच विमानतळ गाठावा लागतो.

आधी थोडा इतिहास, कारण आजचा बराच गोंधळ त्यातूनच आला आहे. मुंबईत विमानं सुरुवातीला जुहूला उतरत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूलाच उतरले होते. पावसाळ्यात ते मैदान चिखलात जाई, तेव्हा टाटांची विमानं पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावी लागत. मुंबई पावसात बुडाली की पुण्याकडे बघायचं, हे तेव्हापासूनचं आहे!

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझची धावपट्टी ब्रिटिश हवाई दलाकडे होती. युद्ध संपल्यावर ती नागरी विमानांसाठी मिळाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. तरी आपले हाजी पुढे कितीतरी वर्षं बोटीनेच जात. मुंबई बंदरातून जेद्दाला जायला समुद्रावर दिवसच्या दिवस लागत. ‘अकबरी’ जहाजाचं नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. १९९५ मध्ये हा जलमार्ग बंद झाला आणि हजचा सगळा प्रवास विमानाने होऊ लागला.

सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला. कोकणातून, मराठवाड्यातून, आपल्याकडूनही तरुण तिकडे जाऊ लागले. सांताक्रूझ अपुरं पडू लागलं, म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी विमानांसाठी सहारला वेगळं टर्मिनल उभं राहिलं. त्या पिढीच्या घरांत ‘विमानतळ’ हा शब्द नव्हताच. ‘भाईला सहारला सोडून आलो’ असंच म्हणत. १९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी हे नाव दिलं गेलं, ‘महाराज’ हा शब्द २०१८ मध्ये जोडला गेला. सहारची जुनी इमारत जाऊन आजचं भव्य टी-२ उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०१४ पासून परदेशी उड्डाणं तिथून सुरू झाली.

म्हणजे जुनं सांताक्रूझ ते आजचं टी-१ आणि जुनं सहार ते आजचं टी-२. दोन्हींचा विमानतळ एकच, पण प्रवाशांसाठी त्या दोन वेगळ्या जागा आहेत. टी-१ ला पश्चिम द्रुतगती मार्गावरून, विलेपार्ल्याच्या बाजूने जातात. टी-२ अंधेरी पूर्वेला सहारच्या बाजूने आहे. एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. रस्त्याने काही किलोमीटरचा वळसा आहे आणि गर्दीच्या वेळी त्यातच अर्धा तास जातो. परदेशाची सगळी उड्डाणं टी-२ मधून होतात. टी-२ मधून देशांतर्गत विमानंही सुटतात, म्हणून दिल्ली-हैदराबादवाल्यांनी टर्मिनल तिकिटावर बघूनच टॅक्सीवाल्याला सांगावं. नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नये.

लोक विचारतात, विमानं मुंबईवर इतकी घिरट्या का घालतात? या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, काम एका धावपट्टीवरच चालतं. तरीही ८ डिसेंबर २०१८ रोजी २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा इथे झाली होती. चहूबाजूंनी वस्ती आहे, वाढायला जागा नाही. म्हणूनच नवी मुंबईला दुसरा विमानतळ करावा लागला.

आता मुद्द्याचं, लोहगडवाडीहून टी-२ कसं गाठायचं. आखाताकडची बरीच विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. समजा विमान पहाटे ३ चं आहे. चेक-इनची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते, पण इमिग्रेशन आणि तपासणीच्या रांगा लांब असतात. रात्री साडेअकरा-बारापर्यंत दारात असावं. गाडीने दुधिवरे खिंडीतून लोणावळा आणि पुढे एक्स्प्रेस वेने रस्ता मोकळा असेल तर तीन तासांच्या आसपास लागतात. पण मोकळा असेल तर! रविवारी संध्याकाळी लोणावळ्याला आलेली सगळी मुंबई परत निघते आणि बोरघाटात गाड्या मुंगीसारख्या सरकतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर लोहगडाच्या पर्यटकांनी आपल्या वाडीचाच रस्ता भरलेला असतो. साध्या दिवशी सात वाजता निघालं तर चालेल, पण रविवारी चार वाजताच घर सोडा. टी-२ ला बसून राहणं परवडतं.

रेल्वेने जायचं तर लोणावळ्याहून मुंबईकडची एक्स्प्रेस घेऊन ठाण्याला उतरायचं. तिथून लोकलने घाटकोपर, मग मेट्रो १ ने मरोळ नाका. तिथे मेट्रो ३ मध्ये बदललं की पुढचंच स्टेशन टी-२ चं. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते. खर्च अगदी कमी आहे. एकटा तरुण, एक बॅग, तर बिनधास्त या मार्गाने जावं. पण चार ठिकाणी चढ-उतार आहे. गुडघ्याने अधू अम्मीला आणि तीन बॅगांना घेऊन हा प्रयोग करू नये, सरळ गाडी करावी. शिवाय मेट्रो रात्रभर नसते, दहा वाजून गेल्यावर तिच्या भरवशावर राहू नये.

नवी मुंबई विमानतळ आपल्याला अंतराने बराच जवळ आहे. एक्स्प्रेस वे संपला की पनवेल-उलव्याच्या बाजूलाच तो आहे, मुंबईची गर्दी लागत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. त्याच्यासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला, नदी वळवली गेली, गावं उठली. त्या गावांच्या लढ्यावर वेगळा लेख व्हायला हवा. प्रवाशाने एवढंच बघावं : तिकिटावर शहर ‘मुंबई’ असलं तरी बीओएम म्हणजे जुना विमानतळ आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. तीन इंग्रजी अक्षरं, पण चुकली तर विमान गेलं.

पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे. नावात लोह असलं तरी आपल्या लोहगडाशी त्याचा संबंध नाही! तो मुळात हवाई दलाचा तळ. परदेशी उड्डाणं तिथून मोजकीच आहेत, त्यामुळे उमराहसाठी बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते.

सामानाबद्दलही सांगायला हवं. इहराम चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. जेद्दाला उतरण्याआधीच विमान मीकात ओलांडतं, तेव्हा बॅग पोटात आणि तुम्ही वर सीटवर अशी फजिती होते. इहराम घरून बांधून निघा किंवा हातातल्या पिशवीत ठेवा. अत्तराची १०० मिलीहून मोठी बाटली हातातल्या सामानात चालत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्या सामानातच हवी. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत नको. आणि खसखस! मसाल्यात, लाडवात, कशातही ती आखातात नेऊ नका. तिकडे ती अमली पदार्थात मोजतात आणि लोक तुरुंगात गेले आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच एअरलाइनला सांगून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत.

निरोपाला येणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, बाहेर गाडी फार वेळ थांबवू देत नाहीत. गळाभेट, दुआ, सगळं वाडीतच करून घ्या, सोबत एक जबाबदार माणूस पुरे.

परतीचं विमान अनेकदा पहाटे उतरतं. झमझमचा डबा सामानाच्या पट्ट्यावर बहुतेक सर्वात शेवटी येतो, तो घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. न्यायला गाडी येणार नसेल तर अंधारात टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा टी-२ लाच फजर अदा करा, चहा घ्या. सहाच्या सुमाराला मेट्रो सुरू होते.