सावकाश गेलं तरी अंतर तेवढंच

कुकडीकाठच्या ओझरहून, विघ्नहराच्या देवळापासून लेण्याद्रीचा पायथा सुमारे १५ किलोमीटर. तिथून परतीच्या वाटेवर आणखी सहा किलोमीटर तोडले की अर्धमॅरेथॉन झाली. ताशी सहा किलोमीटरच्या झपाझप चालीनं हे २१.१ किलोमीटर साडेतीन तासांत होतात. ‘ही कसली शर्यत, ही तर पदयात्रा!’ असा आक्षेप हमखास येतो. पण शरीराचा हिशेब वेगळा आहे. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, आणि वेग बदलला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. म्हणजे ६० किलोंच्या माणसाला हळू धावूनही साडेबाराशेच्या आसपास किलोकॅलरी लागतात. चालताना खर्च कमी होतो, पण स्नायू जास्त वेळ राबतात. सांध्यांना मात्र दिलासा मिळतो, कारण धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, तर चालताना तो वजनाहून थोडाच जास्त असतो.

मग संथपणात धोका नाहीच का? आहे, आणि तो पाण्यात आहे. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांत आणि पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत हा धोका अधिक होता. म्हणून वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर घटाघटा पिऊ नये, तहान लागेल तेवढंच प्यावं. पहाटे निघावं, म्हणजे ऊन चढण्याआधी बरंच अंतर कटतं. सरावही आठवड्यागणिक थोडा-थोडाच वाढवावा, कारण दम लवकर वाढतो, पण स्नायुबंध बळकट व्हायला महिने लागतात. घाई नडते, संथपणा नाही.