सूनबाईंच्या नांवावरील दंड

मोटार चालविणाऱ्या स्त्रीविषयीं प्रत्येक घरांत एक मत तयार असतें, आणि तें बनविण्यासाठीं तिच्या शेजारीं एकदांहि बसावें लागत नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांतहि तें होतें. थोरल्या सूनबाई चाकापाशीं बसल्या कीं मागील बाजूस आमची सौ. रामरक्षा म्हणूं लागे, आणि आम्ही स्वतः, शेजारीं बसून, नसलेला ब्रेक उजव्या पायानें दाबीत असूं. उलट आमच्या कनिष्ठ बंधूंचे चिरंजीव गाडी चालवूं लागले, म्हणजे हीच मंडळी पहिल्या टोलनाक्यापूर्वींच घोरूं लागत. ‘मुलाचा हात मोठा सफाईदार’ असा त्यांचा लौकिक होता.

वास्तविक पुराणें ऐकलेल्या घरास हें शोभत नव्हतें. देवासुरांच्या युद्धांत दशरथाच्या रथाचा आंस मोडला, तेव्हां कैकेयीनें तेथें आपला हात घालून रथ सांवरला, ही कथा आम्हीं वर्गांत कितीदां सांगितली असेल. सांगतांना लक्ष नेहमीं पुढील वरांकडे; चाकाकडे कोणीं पाहावें?

गाडी सूनबाईंच्या नांवावर आहे व तिचे हप्ते त्यांच्याच पगारांतून गेले. गेल्या वर्षीं त्यांच्या मोबाइलवर दंडाच्या सूचना येऊं लागल्या. वर्ष सरेपर्यंत सात झाल्या. रात्रीच्या पंगतीस हा विषय निघे, आणि ‘बायकांच्या हातीं गाडी दिली म्हणजे असें होणारच,’ हें वाक्य कोणी तरी उच्चारी. आमचें पाप आम्हींच कबूल करावें, तर तें वाक्य प्रथम आमच्याच तोंडून निघालें. सूनबाईंनीं कांहीं न बोलतां पैसे भरले.

पुढें एका रिकाम्या दुपारीं, हजेरीपट तपासण्यांत जन्म गेल्यामुळें म्हणा, आम्हीं तीं सात चलनें मागून घेतलीं व भिंतीवरील दिनदर्शिकेशीं ताडून पाहिलीं. एक चलन ऋषिपंचमीच्या सकाळचें, महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचें. त्या सकाळीं सूनबाई आमच्या डोळ्यांसमोर ऋषीची भाजी निवडीत बसल्या होत्या. दुसरें रात्रीं पावणेबारांचें. त्या रात्रीं आम्हांस ताप होता व पायथ्याशीं त्याच बसल्या होत्या. दोन चलनें लाल दिवा ओलांडल्याचीं, तीं त्यांच्या कॉलेजच्या तासांतलीं. असें करतां करतां सातांपैकीं सहा चलनें चिरंजीवांचीं निघालीं. सातवें मात्र खरोखर सूनबाईंचें: मनाई असलेल्या जागीं गाडी उभी केल्याचें, चष्म्याच्या दुकानासमोरचें. चष्मा आमचा होता.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रस्त्यावरील कॅमेरा गाडीच्या क्रमांकाची पाटी टिपतो. चाकावर हात कोणाचे होते याचा निवाडा तो करीत नाहीं. चलन नोंदणीकृत मालकाच्या नांवें निघतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें पुन्हां पुन्हां नियम मोडणाऱ्यावर विशेष रोख धरला आहे. लाल दिवा ओलांडणें, चालवितांना मोबाइल हातीं धरणें हीं कृत्यें आतां धोकादायक चालविण्यांत मोडतात. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार ते पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आंत तसाच अपराध पुन्हां घडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. वेगाच्या दुसऱ्या अपराधास परवाना जप्त होण्याची तरतूद आहे. म्हणजे सराईत अपराधी म्हणून जें नांव पुढें यावयाचें, तें आमच्या घरांत सर्वांत जपून चालविणाऱ्या माणसाचें होतें! चालक कोण होता ही माहिती पोलिसांनीं मागितल्यास ती देणें कलम १३३ नें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. मग सूनबाईंनीं घरांत तरी कां सांगूं नये? आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, “मामंजी, सांगितलें असतें, तर त्या पंगतींत कोणाचें खरें धरलें असतें?”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

चिरंजीवांस बोलाविलें. ‘काका, सगळेच असे जातात,’ हें त्यांचें पहिलें उत्तर. सहा चलनें तारीखवार पुढें मांडल्यावर दुसरें उत्तर आलें नाहीं. सहांचे पैसे त्यांनीं सूनबाईंस परत केले, आणि देवघराजवळच्या खिळ्यावरची किल्ली सूनबाईंच्या कपाटांत गेली. बंधु दोन दिवस आमच्याशीं बोलले नाहींत.

या निमित्तानें आम्हीं मोटारीचा थोडा इतिहास वाचला. १८८८ च्या ऑगस्टांत जर्मनींतील मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारें शंभर किलोमीटर, बेर्टा बेंझ या बाई तीनचाकी मोटारीनें गेल्या. गाडीचा निर्माता कार्ल बेंझ हा त्यांचा नवरा. त्यास न विचारतां, दोन मुलांस घेऊन त्या माहेरीं निघाल्या. मोटारीनें केलेला पहिला लांबचा प्रवास तो हाच. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. इंधन वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून घेतलें. लांकडी ब्रेक झिजले, तेव्हां एका चर्मकाराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. ब्रेकच्या अस्तराचा उगम या प्रसंगांत सांगतात. त्या काळीं गॅरेजें नव्हतीं, हें बाईंचें भाग्यच म्हणावयाचें.

कारण आमच्या सूनबाईंस गॅरेज भेटलें, तें चिरंजीवांच्या शिफारशीचें. एअर फिल्टर बदलला पाहिजे, असें तेथें सांगण्यांत आलें. सूनबाईंनीं आदल्या रात्रींच फिल्टरच्या रबरी कडेवर नखांच्या रंगाचा एक ठिपका दिला होता. गाडी परत आली. बिलांत नवा फिल्टर होता, आणि झांकण उघडतांच तोच ठिपका, नुसती धूळ झटकलेला! मालकास दाखविलें तर तो म्हणतो, “ताई, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतों.” साहेब, म्हणजे चिरंजीव, वर्षांत तीन वेळां फिल्टरचे पैसे देऊन आले होते व झांकण त्यांनीं एकदांहि उघडलें नव्हतें. गॅरेजवाल्याचा हिशेब एवढाच होता कीं बाईस कळत नाहीं आणि पुरुष विचारीत नाहीं. पैसे परत मिळाले, पण दोन हेलपाटे घालून. आतां घरांत अशी रीत पडली आहे कीं काम सुरू होण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज लेखी घ्यावयाचा, आणि काढलेला जुना भाग नव्याच्या खोक्यांत घालून घरीं आणावयाचा. आमच्या माळ्यावर अशीं चार खोकीं जमलीं आहेत. सौ. ती अडगळ म्हणून कुरकुरते, तें निराळें.

यंदा माघांत कुलदैवतास गुहागरला गेलों. साताऱ्याहून सूनबाईंनींच गाडी नेली. कुंभार्ली घाट उतरतांना समोरून एस. टी. चढत होती, चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी हा घाटाचा नियम, म्हणून सूनबाईंनीं गाडी डोंगराच्या बाजूस घेऊन थांबविली. एस. टी.च्या चालकानें जातां जातां हात वर केला. मागें चिरंजीव जागे होते. रामरक्षा अर्ध्यावर राहून सौ. घोरत होती. आमचा उजवा पाय मात्र चिपळूण येईपर्यंत मधून मधून दाबला जात होता.