मजुरीतला फरक: योगायोग की भेदभाव?



शेतात बाईला एक मजुरी आणि गड्याला दुसरी, हे आपल्याला नवीन नाही. तुमच्यापैकी कित्येकींच्या लेकी-सुना मुंबईत जोगेश्वरी, अंधेरीकडच्या गाळ्यांत पॅकिंगला जातात. तिथेही हीच तक्रार असते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "तो जुना आहे", "त्याचं काम वेगळं आहे", नाहीतर "असंच झालंय हो ताई". हे उत्तर खरं आहे का, ते तपासता येतं. संख्याशास्त्रात त्याची रीत आहे आणि ती भिशीच्या चिठ्ठ्यांइतकी सोपी आहे.

चिठ्ठ्यांची चाचणी

समजा, एका गाळ्यात एकाच कामावर चार बायका आणि चार पुरुष आहेत. बायकांची रोजची मजुरी 520, 530, 540, 550 रुपये. पुरुषांची 580, 600, 600, 620. सरासरी काढली तर बायकांना 535 आणि पुरुषांना 600. म्हणजे 65 रुपयांचा फरक.

आता हे आठ आकडे आठ चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, हलवा आणि न बघता चार काढा. त्या 'बायकांच्या' समजा. मालक बाई-पुरुष बघतच नसेल, तर त्याची मजुरी अशाच चिठ्ठ्यांसारखी कुणालाही कशीही लागायला हवी. आठातून चार चिठ्ठ्या 70 वेगवेगळ्या प्रकारे निघू शकतात. त्यात सगळ्यात कमी असलेले चारही आकडे बायकांच्याच वाट्याला येण्याचा प्रकार फक्त एक. सत्तरात एकदा होणारी गोष्ट "असंच झालंय" म्हणून कशी सोडायची?

साधारण रीत अशी, की शंभरात पाच वेळा किंवा त्याहून कमी वेळा घडणारी गोष्ट असेल तर योगायोगावर शंका घ्यायची. म्हणून एकटीच्या आकड्यावर भांडण टिकत नाही. एक बाई आणि एक पुरुष असेल तर बाईला कमी मिळण्याची शक्यता दोनात एक. दोन-दोन असतील तर सहात एक. तीन-तीन झाले की वीसात एक. जितक्या जास्त जणी आकडा सांगतील, तितकं म्हणणं पक्कं.

सारख्याची तुलना सारख्याशी

चिठ्ठ्या योगायोगाबद्दल सांगतात, कारण सांगत नाहीत. म्हणून आधी काम, तास आणि अनुभव सारखा असलेल्यांचीच यादी करा. दहा वर्षं जुन्या माणसाशी नव्या मुलीची तुलना नको. पण एक प्रश्न जरूर विचारा: मशीनवर जास्त मजुरी असेल, तर मशीन बायकांना शिकवतच नाहीत का? तसं असेल तर भेदभाव मजुरीच्या आधीच, काम वाटतानाच झाला.

हीच तपासणी अल्पसंख्याक बहिणींसाठीही करा. फक्त बाई-पुरुष असे दोन ढीग केले तर मुस्लिम बाईचा तोटा सगळ्या बायकांच्या सरासरीत लपून जाऊ शकतो. म्हणून चार ढीग करून बघा: मुस्लिम बायका, इतर बायका, मुस्लिम पुरुष, इतर पुरुष.

कायदा काय म्हणतो?

समान वेतनाचा अध्यादेश 1975 साली आला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनो होत्या. पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी, म्हणून त्यांनी तक्रार केली. कंपनी म्हणाली, युनियनशी करार झालाय, काम वेगळं आहे, शिवाय आर्थिक स्थिती बरी नाही. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातलं काहीच मान्य केलं नाही. काम मोठ्या अंगाने सारखं असेल तर बारीकसारीक फरक दाखवून पगार कमी करता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

आता ही तरतूद 2019 च्या वेतन संहितेत आहे आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. सारखं किंवा मिळतंजुळतं काम असेल तर लिंगावरून मजुरीत आणि भरतीत भेद करता येत नाही. बरोबरी करायची म्हणून पुरुषांची मजुरीही कमी करता येत नाही. हे सोबतच्या भावांना सांगा, म्हणजे ते विरोधात जाणार नाहीत. धर्मावरून होणाऱ्या फरकाबद्दल मात्र या कलमात शब्द नाही. पण किमान वेतन सगळ्यांना सारखंच लागू आहे, तिथून सुरुवात करता येते.

पुढच्या बैठकीत एवढं करा

1. वहीत काम, तास, किती वर्षं आणि मजुरी लिहा. नावाऐवजी नंबर टाका, म्हणजे कुणाचं काम जायची भीती नको.
2. मजुरीची स्लिप, हजेरी कार्ड किंवा बँकेतली नोंद जपून ठेवा.
3. सारख्या कामाचे ढीग करून चिठ्ठ्या काढा. शंभर वेळा काढून बघा, बायकांची बेरीज खऱ्याइतकी किंवा त्याहून कमी किती वेळा येते.
4. फरक पक्का दिसला तर एकटीने नाही, गटाने मालकाशी बोला. ऐकलं नाही तर वही घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आपण एकमेकींना कर्जाचा हप्ता मोकळेपणाने सांगतो. मजुरीचा आकडाही तसाच सांगायला लागूया. तो लपलेला राहिला तर फायदा मालकाचाच आहे.