सैनिकाचे अपील आणि वैद्यकाची साक्ष

युद्धात सैनिकाचा हात तुटला, तर तो तुटल्याचे सर्वांस दिसते. त्यासाठी साक्षीपुरावा लागत नाही. परंतु काही हानी अशी असते की ती दाखविता येत नाही, इतकेच नव्हे तर ती सांगवतही नाही. शिश्नास ताठरता न येणे, किंवा आली तरी ती न टिकणे, हा विकार ह्याच जातीचा होय. आपल्याकडे त्यास सरसकट ‘नपुंसकत्व’ म्हणतात. ह्या शब्दात रोगाच्या वर्णनापेक्षा माणसाची निंदाच अधिक असल्यामुळे येथे आपण त्यास ‘उत्थानदोष’ म्हणू.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सैनिकी सेवेमुळे जडलेल्या व्यंगाबद्दल माजी सैनिकास कायद्याने भरपाई मिळते. मागणी नामंजूर झाली तर १९३३ साली स्थापन झालेल्या माजी सैनिक अपील मंडळाकडे दाद मागता येते. हे मंडळ आपले निर्णय अर्जदारांची नावे गाळून प्रसिद्ध करते. त्या निर्णयांत उत्थानदोषाची प्रकरणे वारंवार आढळतात, आणि ती वाचताना असे दिसून येते की वाद पैशाचा कमी व कार्यकारणभावाचा अधिक आहे.

हा कार्यकारणभाव समजण्यासाठी शरीराचे थोडे ज्ञान हवे. शिश्नात स्पंजासारखी सच्छिद्र अशी दोन दंडाकार ऊतके असतात. एरवी त्यांतील रोहिण्यांचे स्नायू आकुंचित असल्यामुळे तेथे रक्त बेताचेच येते. कण्याच्या तळाकडून निघणाऱ्या मज्जातंतूंकडून संदेश आला की त्या तंतूंच्या टोकांतून व रोहिण्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याच्या योगाने स्नायूंच्या पेशींत एक दूतद्रव्य तयार होते, स्नायू सैल पडतात आणि रक्ताचा लोट आत शिरतो. फुगलेल्या ऊतकाच्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या नीला चेपल्या जातात. आत आलेले रक्त अशा रीतीने तेथेच कोंडले जाते. नायट्रिक ऑक्साइडच्या ह्या दौत्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद ह्या तिघांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दूतद्रव्याचा नाश लांबविणारे सिल्डेनाफिल हे औषधही त्याच वर्षी अमेरिकेत विक्रीस आले. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यास मात्र ते वर्ज्य आहे, कारण दोहोंच्या एकत्र परिणामाने रक्तदाब घातक रीत्या खाली येतो.

तात्पर्य, ह्या एका क्रियेस निरोगी मज्जातंतू, निरोगी रोहिण्या व निश्चिंत मन अशी तिन्ही साधने लागतात. मधुमेह पहिल्या दोहोंवर घाला घालतो. मज्जारज्जूच्या दुखापतीने संदेशच तुटतो. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत शेजारून जाणारे बारीक मज्जातंतू दुखावतात. युद्धातील भीषण अनुभवांनी मनास जडलेल्या आघातविकारावर जी औषधे दिली जातात, त्यांतील कित्येक औषधेच कामशक्ती मंदावतात. शिवाय ह्या भागातील रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे त्या आधी तुंबतात. म्हणून उत्थानदोष हा पुढे येऊ घातलेल्या हृदयविकाराचा पूर्वसंकेतही ठरू शकतो.

आता कायद्याकडे वळू. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याने जंगले उजाड करण्यासाठी ‘एजंट ऑरेंज’ हे तणनाशक फवारले. त्यात डायॉक्सिन हे विष मिसळलेले होते. तेथे सेवा केलेल्या सैनिकास पुढे प्रोस्टेटचा कर्करोग झाला तर तो सेवेमुळेच झाला असे १९९६ पासून, आणि प्रौढवयातील मधुमेह झाला तर तोही सेवेमुळेच असे २००१ पासून, गृहीत धरले जाते. उत्थानदोष मात्र ह्या यादीत नाही. त्याला मागच्या दाराने, म्हणजे ‘दुय्यम विकार’ म्हणून यावे लागते. विषाने मधुमेह व मधुमेहाने उत्थानदोष, अशी ही साखळी आहे. तिची पहिली कडी कायदा आपण होऊन जोडतो, दुसरी अर्जदाराने जोडावयाची असते.

समजा, एका सैनिकास साठीत मधुमेहाचे निदान झाले आणि उत्थानदोषाची नोंद त्याआधी दोन वर्षांची निघाली. तपासणी करणारा वैद्य लिहितो : दोष आधीचा, मधुमेह नंतरचा, सबब संबंध नाही, वय व धूम्रपान हीच कारणे. वरवर पाहता हे तर्कशुद्ध वाटते. वयाबरोबर हा दोष वाढतो हे खरेच आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाळीस ते सत्तर वर्षांच्या पुरुषांपैकी सुमारे ५२ टक्क्यांत तो कमीअधिक प्रमाणात आढळला होता. पण वैद्याने अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. सेवाजन्य रोगाने हा दोष उत्पन्न केला काय, हा एक प्रश्न. आधीच असलेला दोष त्याने वाढविला काय, हा दुसरा. दोहोंपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तरी भरपाई देय होते. दुसऱ्या प्रश्नाविषयी मौन पाळणारे मत अपुरे ठरते व मंडळ ते प्रकरण पुन्हा तपासणीसाठी परत पाठविते.

दुसरी अडचण लज्जेची. कित्येक सैनिक वर्षानुवर्षे डॉक्टरापाशी हा विषयच काढीत नाहीत. मग नोंद नाही म्हणून विकार नव्हता, असा निष्कर्ष कागदावरून काढला जातो. २००६ साली वरिष्ठ न्यायालयाने स्पष्ट केले की समकालीन वैद्यकीय नोंद नाही एवढ्याच कारणावरून अर्जदाराचे कथन अविश्वसनीय ठरविता येणार नाही. पत्नीचे लेखी निवेदनही पुराव्यात घेतले जाते. आणि ह्या बाबतीत तिच्याइतकी माहितगार साक्षीदार दुसरी कोण असणार?

पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल असेल तर संशयाचा फायदा सैनिकास मिळतो. अर्थात वैद्याने खात्री द्यावयाची नसते. संबंध असण्याचा संभव नसण्याच्या संभवाइतका तरी आहे, एवढे त्याने सकारण सांगितले की पुरे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ साली एका जवानाच्या अपस्माराच्या प्रकरणात, भरतीच्या वेळी नोंद नसलेल्या रोगाविषयी संशयाचा फायदा जवानास दिला होता.

एवढे होऊन हाती काय येते? पूर्वीच्या नियमाप्रमाणे शिश्नाची विकृती व ताठरतेचा नाश ही दोन्ही असतील तरच २० टक्के व्यंग धरीत. विकृती आतील असली तरी ती धरावी, असे अपील न्यायालयाने २०१८ साली ठरविले. नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला आणि विकृती असो वा नसो, उत्थानदोषास शून्य टक्के ठरले. शून्य म्हणजे काहीच नाही असे मात्र नव्हे. सेवेशी संबंध मान्य झाला की त्या विकारावर विनामूल्य उपचार मिळतात, आणि प्रजननेंद्रियाचा उपयोग गमावल्याबद्दल निराळा मासिक भत्ता मिळतो. २०२४ साली तो १३२.७४ डॉलर होता.

फेब्रुवारी २०१९ पासून नामंजुरीनंतर तीन वाटा खुल्या आहेत : नवा पुरावा जोडून पुन्हा मागणी करणे, त्याच पुराव्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागणे, किंवा थेट मंडळाकडे जाणे. त्यांपैकी शेवटच्या दोन वाटांसाठी एक वर्षाची मुदत असते. वैद्याचे मत अपुरे असल्यास पहिली वाट बहुधा सोयीची, कारण तेथे आपल्या नेहमीच्या डॉक्टरचे सकारण पत्र जोडता येते. त्या पत्रात रोगांचा क्रम, औषधांची नावे व ती सुरू झाल्याच्या तारखा असाव्यात. मधुमेहाने वा औषधाने आधीचा दोष वाढविला काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात स्वतंत्र वाक्यात द्यावे.