रियालारियालांत फरक! आखातात जाणाऱ्याने हिशेब घरीच मांडावा

रावेर (वार्ताहर) : रावेर-सावद्याची केळी आखातात जाते, त्यामुळे दुबई-मस्कतची नावे आपल्या बांधावर नवी नाहीत. आता एखादा पोरगाही वेल्डर किंवा ड्रायव्हर म्हणून तिकडे निघतो. पगार विचारला की सांगतो, "पंधराशे रियाल!" पण भो, कुठले रियाल? सौदीचे की ओमानचे? सौदीने १९८६ पासून डॉलरला पावणेचार रियाल हा भाव बांधून ठेवला आहे. ओमानचा मात्र एकच रियाल अडीच डॉलरच्या वर जातो. म्हणजे ओमानचा एक रियाल सौदीच्या जवळजवळ पावणेदहा रियालांबरोबर! दिनाराचेही तेच. कुवेतचा दिनार तीन डॉलरच्या पुढे, तर इराकचे दिनार एका डॉलरला हजारावर मिळतात. नुसता आकडा सांगणाऱ्या एजंटाने काहीच सांगितले नाही, असे समजावे.

दुबईचा दिरहमही डॉलरलाच बांधलेला. रुपया घसरला की तिकडचा पगार न वाढताही घरी जास्त रुपये येतात. २०१३ च्या सुरुवातीला दिरहमचे पंधराच्या आसपास रुपये होत, २०२४ अखेर तेवीस झाले. घरच्यांना वाटते पोराला बढती मिळाली!

केळीचा जाहीर भाव एक आणि पट्टीवर हातात पडतो दुसरा, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. तीच नजर इथे लावावी. समजा, पगार १२०० दिरहम. तेवीसने गुणले तर २७,६०० रुपये. खाणे-फोनला ४०० दिरहम गेले, उरले १८,४००. जाण्यासाठी ९० हजार शेकडा तीनने काढले असतील तर महिन्याचे व्याजच २,७०० रुपये. हाती १५,७०० आणि मुद्दल तसेच उभे.

करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळे लिहून घ्यावे. दुबईकडे जादा कामाचा दर आणि नोकरी सुटतानाची ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच धरतात. राहणे-जेवण कोणाकडे, तेही लिहिलेले हवे.

नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. कालचे ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांनी एवढे पाहून दिले तरी पुष्कळ. पैसे देताना पावती घ्यावी, आणि कराराची एक प्रत घरच्या पेटीत ठेवूनच पोराला रावेर स्टेशनवर सोडायला जावे.