मांजर ओकतं तेव्हा

मांजराने खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर काढलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘मांजरं ओकतातच, त्यात काय!’ एवढ्यावर विषय मिटतो, आणि काय पडलंय ते फडक्याने पुसण्यापलीकडे कुणी बघत नाही. खरं तर बघायला हवं ते त्याआधीचं मिनिटभर. ओठ चाटणं, लाळ गळणं, मग पोट आत ओढून दिलेले जोरदार हिसके हे सगळं झालं असेल, तर ती उलटी; म्हणजे अन्न जठरापर्यंत पोचून परत फिरलं. याउलट मांजराने नुसती मान खाली घातली आणि दाणे लाळेत चिकटून लांबट वळकटीसारखे बाहेर आले, तर ते बहुधा जठरात उतरलेच नव्हते. ती वळकटी अन्ननलिकेच्या आकाराची असते. जेवणानंतर लगेच उलटी झाली तरी अन्न अखंडच दिसतं, त्यामुळे ‘पचलेलं नाही’ एवढ्यावरून निदान होत नाही. अन्न कसं आणि खाल्ल्यावर किती वेळाने आलं, यावरून होतं.

सर्वांत साधं कारण घाईने खाणं. मांजराला दात तीसच, आणि तेही मांस कापायचे. त्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, त्यामुळे रवंथ सोडाच, धड चावणंही होत नाही. उंदीर-पाखरं मारून जगणारं मांजर दिवसातून अनेकदा थोडंथोडं खातं. आपण त्याच्यापुढे सकाळ-संध्याकाळ भरलेली वाटी ठेवतो. शेजारी दुसरा बोका असेल तर स्पर्धाच लागते, आणि न चावता गिळलेला कोरडा खाऊ पोटात ओला होऊन फुगतो. तेवढंच खाणं चार-पाच वेळांत विभागून पसरट ताटलीत दिलं, दोघांना वेगळ्या खोल्यांत जेवू घातलं आणि ओकणं थांबलं, तर कारण सापडलं म्हणायचं.

यावर कुणी म्हणेल, ओकून झाल्यावर ते तेच परत खातं, खेळतं, मग बिघडलं कुठे? क्वचित कधी घडत असेल तर हे बरोबर आहे. पण सकाळचं जेवण रात्री अखंड बाहेर आलं, तर घाईचा दोष देता येत नाही. एवढ्या वेळात ते पुढे सरकायला हवं होतं. वाट केसांच्या गोळ्याने किंवा गिळलेल्या एखाद्या वस्तूने अडलेली असू शकते, किंवा आतडं सुजलेलं असू शकतं. वयस्क मांजराच्या बाबतीत तर खादाडपणा हेच लक्षण असू शकतं: थायरॉइड वाढलं की मांजर अधाशासारखं खातं, ओकतं आणि तरीही वाळत जातं. ‘भूक तर चांगली आहे’ हा दिलासा तिथे फसवा ठरतो.

एक कारण मात्र आपल्याच हातून घडतं. मांजराला कोरडी गोळी भरवली की ती कधीकधी अन्ननलिकेतच चिकटून बसते. सर्दीसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन तिथे चिकटली तर आतलं अस्तर जाळते आणि व्रण भरताना नळी आक्रसते. मग पातळ उतरतं, घट्ट मात्र गिळल्या-गिळल्या परत येतं, आणि तोवर गोळी दिल्याला दिवस लोटल्याने तिची आठवण कुणाला राहत नाही. गोळीमागून सिरिंजने थोडं पाणी किंवा चमचाभर ओला खाऊ दिला की हे टळतं.

पोटाला आराम म्हणून मांजराला उपाशी ठेवण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. माणसाचा उपास त्याला मानवत नाही. काही दिवस पोटात काहीच गेलं नाही, तर विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. म्हणून ओकणं वारंवार होत असेल, वजन उतरत असेल किंवा पाणीही टिकत नसेल, तर थांबू नये. मोबाइलवर त्या प्रकाराचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावं, वर्णनापेक्षा ते कामाचं. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर तो ओढू मात्र नये. त्याचं दुसरं टोक आतड्यात असतं आणि ताणलेला दोरा आतडं कापतो.